वहिवाट कुणाची, बेट कुणाचं?

आमच्या गावाकडं शेताच्या बांधावरून तंटा झाला, की पंच म्हणून बसलेली म्हातारी माणसं आधी नकाशा मागत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वहिवाट कुणाची?" नांगर कुणाचा चालतो, बांधावरच्या चिंचा कोण उतरवतो, शेतसारा कुणी भरलाय. उतारा आणि मोजणी त्यानंतर. मला वाटायचं ही आपली खेड्यातली रीत. राज्यशास्त्राच्या एम.ए.ला आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेपर घेतला तेव्हा कळलं, की देशादेशांमधले बेटांचे तंटेसुद्धा याच प्रश्नावर सुटलेत. एक फरक मात्र आहे आणि तो साधा नाही. शेताच्या तंट्यात कसणारा माणूस पंचांसमोर बसलेला असतो. बेटाच्या तंट्यात तिथं राहणाऱ्या माणसाला कुणी बोलवत नाही.

हे समजायला एक छोटं बेट पुरेसं आहे. नाव मियांगास. जुन्या युरोपीय कागदांत त्याला 'पाल्मास' म्हणतात. नकाशावर शोधायचं असेल तर फिलिपिन्सचं दक्षिणेकडचं मोठं बेट मिंडानाओ बघा. त्याच्या खाली इंडोनेशियाची तालाउद बेटं, आणि त्यांच्याही उत्तरेला नानुसा नावाचा छोटा गट. मिंडानाओचं टोक आणि नानुसा यांच्या साधारण मधोमध समुद्रात एक ठिपका दिसेल, तेच हे. विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेपाच अंशांवर, म्हणजे बारा महिने ऊन, दमट हवा, नारळ आणि प्रवाळाचा किनारा. क्षेत्रफळ सुमारे ३ चौरस किलोमीटर. सकाळी चहा पिऊन चालायला निघालात तर दुसऱ्या चहापर्यंत पार पलीकडच्या टोकाला जाऊन परत याल. आजूबाजूला दुसरं बेट नाही, एकटंच आहे. फिलिपिन्सचं दावाओ शहर इथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि ज्या प्रांतात हे बेट मोडतं त्या उत्तर सुलावेसीची राजधानी मानाडो जवळजवळ पाचशे किलोमीटर. म्हणजे बाजारहाट एका देशात जवळ आणि सरकार दुसऱ्या देशात लांब. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता तंटा कसा सुरू झाला ते बघू. १८९८ साली स्पेन अमेरिकेबरोबरचं युद्ध हरला. त्या डिसेंबरात पॅरिसला तह झाला आणि स्पेननं फिलिपिन्स अमेरिकेला देऊन टाकलं. बदल्यात अमेरिकेनं २ कोटी डॉलर मोजले. कुठली बेटं दिली ते सांगायला तहात अक्षांश-रेखांशांच्या रेघा लिहिल्या. त्या रेघांनी जी चौकट तयार झाली तिच्या आत मियांगास येत होतं. झालं, कागदावर बेट अमेरिकेचं.

पुढं २१ जानेवारी १९०६ ला जनरल लेनर्ड वूड हे अमेरिकन अधिकारी बेटावर उतरले. मिंडानाओकडच्या मोरो प्रांताचा कारभार तेव्हा त्यांच्याकडं होता, आणि आपल्या हद्दीतलं एक टोकाचं बेट बघून यावं एवढाच हेतू. किनाऱ्यावर बघतात तर डच झेंडा फडकतोय. त्यांना भेटायला जी होडी आली तिच्यावरही डच झेंडा. आजचा इंडोनेशिया तेव्हा नेदरलँड्सची वसाहत होता, आणि हे बेट आपलंच आहे अशी डचांची खात्री होती. दोन्ही सरकारांत पत्रव्यवहार सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. शेवटी जानेवारी १९२५ मध्ये दोघांनी करार करून हा तंटा लवादाकडं दिला. मॅक्स ह्यूबर हे स्वित्झर्लंडचे कायदेपंडित एकटे लवाद. ४ एप्रिल १९२८ ला त्यांनी निकाल दिला. आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायदा शिकायला बसलात, की पहिल्या काही तासांतच हा निकाल समोर येतो.

अमेरिकेची मांडणी तीन गोष्टींवर होती. एक, बेट स्पेननं शोधलं, म्हणून ते स्पेनचं आणि तहानं आमचं. दोन, नकाशे आमच्या बाजूनं आहेत. तीन, बेट फिलिपिन्सला लागून आहे, म्हणून त्याच्याबरोबरच यायला हवं.

ह्यूबर यांनी तिन्ही मुद्दे एकेक करून बाजूला ठेवले. शोध लागला हे मान्य केलं तरी नुसत्या बघण्यानं पूर्ण हक्क तयार होत नाही, अर्धवट हक्क तयार होतो. वाजवी काळात प्रत्यक्ष ताबा घेऊन, कारभार चालवून तो पुरा करावा लागतो. स्पेननं ते केल्याचं दिसलं नाही. जे स्पेनकडं नव्हतंच ते स्पेन अमेरिकेला देणार कुठून? नकाशांबद्दल ह्यूबर फार सावध होते. नकाशे एकमेकांवरून उतरवलेले असतात, काढणाऱ्याला प्रत्यक्ष माहिती असतेच असं नाही. आणि जवळ आहे म्हणून आमचं, असा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे हे त्यांनी मान्यच केलं नाही. किती जवळ म्हणजे जवळ, हे ठरवणार कोण?

मग उरली वहिवाट. डचांनी कागदांची चळत पुढं केली. सांगिहे बेटांवरच्या स्थानिक राजांशी डच ईस्ट इंडिया कंपनीनं सतराव्या शतकापासून केलेले करार, पुढं डच सरकारनं केलेले करार, करवसुलीच्या नोंदी, डच अधिकाऱ्यांच्या भेटींचे अहवाल, १९०४ च्या वादळानंतर बेटाला पाठवलेल्या मदतीची नोंद. यातली एकही गोष्ट मोठी नाही. रोज काय, दर वर्षीसुद्धा तिथं डच माणूस दिसत नव्हता. पण एवढ्याशा आडबाजूच्या बेटावर ह्यापेक्षा जास्त कारभार अपेक्षितच नाही, असं ह्यूबर म्हणाले. शांतपणे, सातत्यानं आणि उघडपणे जो कारभार चालवतो, बेट त्याचं. मियांगास नेदरलँड्सला मिळालं. डच गेल्यावर ते इंडोनेशियाचं झालं आणि आजही इंडोनेशियाच्या अगदी उत्तरेकडच्या बेटांपैकी ते एक आहे.

वर्गात हे सगळं ऐकताना मी खूश झालो होतो. बघा, नकाशा काढणाऱ्यापेक्षा प्रत्यक्ष जमिनीवर काय चाललंय ते मोठं ठरलं! गावच्या पंचांची बुद्धी जिंकली म्हणायची. पण निकाल परत वाचल्यावर एक गोष्ट टोचायला लागली. त्यात बेटाची लोकसंख्या दिलेली आहे, सुमारे ७५०. ही साडेसातशे माणसं निकालात कर भरताना दिसतात, वादळात सापडलेली दिसतात. बोलताना मात्र कुठंच दिसत नाहीत. तुम्हाला कुणाबरोबर राहायचंय, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही, कारण लवादापुढं तो प्रश्नच नव्हता. वाद दोन सरकारांचा होता. त्यांनी भरलेला कर हा त्यांच्यावर सत्ता कुणाची याचा पुरावा झाला. बेट त्यांचं असल्याचा नाही.

कुणी म्हणेल, १९२८ चा काळ वसाहतींचा, तेव्हा असंच चालायचं. म्हणून दुसरं उदाहरण अलीकडचं घेतो. त्यात दोन्ही पक्ष आशियातले आणि स्वतंत्र.

बोर्निओच्या ईशान्य किनाऱ्याजवळ सिपादान आणि लिगितान ही दोन बेटं आहेत. सिपादान म्हणजे समुद्राच्या तळापासून सहाशे-सातशे मीटर उठलेल्या डोंगराचा माथा, त्यावर प्रवाळ चढलेलं. पाण्याबाहेर दिसतो तो तुकडा जेमतेम ०.१३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या हिशेबानं तीस-बत्तीस एकर. लिगितान त्याहून लहान. या बेटांवर कायमची वस्ती नव्हती. तिथं यायचे ते मासेमार आणि समुद्री कासवांची अंडी गोळा करणारे लोक. इंडोनेशिया आणि मलेशिया दोघांनीही हक्क सांगितला आणि तंटा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. निकाल लागला १७ डिसेंबर २००२ ला.

या वेळी नकाशावरची रेघ इंडोनेशियाच्या हातात होती. १८९१ साली ब्रिटिश आणि डच यांच्यात करार झाला होता, त्यात उत्तर अक्षांश ४ अंश १० मिनिटांची रेघ होती. ही रेघ समुद्रात पुढं ओढली तर दोन्ही बेटं इंडोनेशियाच्या बाजूला येतात, असं त्यांचं म्हणणं. न्यायालय म्हणालं, रेघ सेबातिक बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर संपते, समुद्रात पुढं जात नाही. मग परत तेच. वहिवाट कुणाची?

मलेशियाच्या बाजूनं काय निघालं बघा. उत्तर बोर्निओच्या ब्रिटिश कारभारानं १९१७ साली कासवांच्या संरक्षणाचा नियम केला होता. सिपादानवरची अंडी कुणी गोळा करायची यावरून भांडण झालं तर ब्रिटिश अधिकारी ते मिटवत होते. १९३३ मध्ये सिपादानला पक्ष्यांसाठी राखीव ठरवलं होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही बेटांवर दीपस्तंभ उभे केले होते. कासवाची अंडी, पक्षी आणि दिवे, एवढ्यावर १६ विरुद्ध १ मतांनी बेटं मलेशियाला गेली.

आणि इंडोनेशियाच्या बाजूनं? त्यांनी सांगितलं, आमचे मासेमार परंपरेनं या पाण्यात येत-जात होते. न्यायालयानं हे मोजलं नाही. खासगी माणसांची ये-जा सरकारी नियमाखाली किंवा सरकारच्या अधिकारानं होत नसेल तर ती राज्याची वहिवाट ठरत नाही, असं ते म्हणालं.

या वाक्याशी मी बराच वेळ थांबलो. अंडी गोळा करणारा माणूस आणि जाळं टाकणारा माणूस, दोघंही पोटासाठीच समुद्रात गेले. दोघांच्याही बापजाद्यांनी तेच केलं असेल. एकाच्या कामावर सरकारनं नियम लिहिला, म्हणून त्याचं काम पुरावा झालं. दुसऱ्याच्या कामाची सरकारनं दखल घेतली नाही, म्हणून त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांचं येणंजाणं न्यायालयाच्या तराजूत शून्य. दुसऱ्यानं चूक काय केली? काहीच नाही. चूक झाली ती त्याच्या सरकारकडून.

गंमत म्हणा किंवा शोकांतिका, ज्या तत्त्वावर इंडोनेशियाला मियांगास वारशानं मिळालं त्याच तत्त्वावर सिपादान आणि लिगितान गेली. जाकार्ताला हा धडा लागला. २००५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं देशाच्या सीमेवरच्या ९२ छोट्या बेटांची यादी झाली आणि त्यांच्या व्यवस्थापनाची योजना जाहीर झाली. मियांगास त्या यादीत होतं. २०१६ च्या ऑक्टोबरात तिथल्या विमानतळाचं उद्घाटन करायला राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो स्वतः आले. तीन चौरस किलोमीटरच्या बेटावर धावपट्टी! तिथल्या आजारी माणसाला, शिकणाऱ्या मुलाला तिचा उपयोग होणार, आणि झालाच पाहिजे. पण सरकार टोकाच्या माणसाकडं कधी धावतं तेही यातून दिसतं. टोक हातातून जाईल अशी भीती वाटते तेव्हा.

भीती वाटायला कारणही आहे. १९८२ च्या समुद्रविषयक कायद्याच्या करारानंतर छोट्या बेटांचं वजन वाढलं. बेट आपलं असेल तर त्याच्याभोवती १२ सागरी मैलांचा समुद्र आपला, आणि माणसाची वस्ती किंवा स्वतःचं आर्थिक जीवन टिकू शकेल असं बेट असेल तर २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर, तेलावर, वायूवर हक्क. जमीन मूठभर आणि समुद्र अफाट.

राज्यशास्त्राच्या पुस्तकात गोष्ट इथं संपते. माणसांची गोष्ट इथं संपत नाही.

सांगिहे आणि तालाउद बेटांवरची माणसं होड्यांतून मिंडानाओला जायची ती कुणाची परवानगी घेऊन नव्हे. मासेमारी होती, नारळाच्या बागांत काम होतं, सोयरीक होती. त्यांच्या येण्याजाण्यात फिलिपिन्स आणि इंडोनेशिया नावाचे दोन देश नंतर आले. देश झाले आणि मधे सीमा आली. पलीकडं राहिलेल्यांची मुलं तिथंच जन्मली, तिथंच वाढली. पण त्यांच्यापैकी अनेकांकडं ना इंडोनेशियाचा कागद, ना फिलिपिन्सचा. कागद नाही म्हणजे शाळेत अडचण, नोकरीत अडचण, दवाखान्यात अडचण. अशी माणसं दक्षिण मिंडानाओत हजारोंनी होती. बेट कुणाचं हे १९२८ मध्येच ठरलं होतं. ही माणसं कुणाची हे पुढं कित्येक दशकं ठरलं नाही.

इथंच मला आशाही दिसते. या दोन देशांनी १९७५ मध्ये सीमा ओलांडण्याचा करार केला. सीमेवरच्या ठरावीक बेटांवरच्या रहिवाशांना पास घेऊन पलीकडं जाता येतं. २०१४ मध्ये दोघांनी, वीस वर्षं चाललेल्या वाटाघाटींनंतर, समुद्रातल्या आर्थिक क्षेत्राची हद्द बोलून ठरवली. तो करार २०१९ पासून लागू झाला. आणि त्याच काळात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेला बरोबर घेऊन मिंडानाओतल्या या कागद नसलेल्या लोकांची नोंदणी सुरू केली. आठ हजारांहून जास्त लोकांची नोंद झाली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं नागरिकत्व निश्चित झालं. सीमारेषा एक इंचही हलवावी लागली नाही. घरोघरी जाऊन विचारलं, तुझे आईवडील कुठले, तू कुठला, तुला काय म्हणायचंय. मियांगासच्या साडेसातशे लोकांना जे १९२८ मध्ये कुणी विचारलं नाही, ते जवळजवळ नव्वद वर्षांनी पलीकडच्या त्यांच्या भाऊबंदांना विचारलं गेलं.

आता तुमच्या मनात काय येतंय ते मला माहीत आहे, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. ह्यूबरचा निकाल उचलायचा आणि आपल्या प्रश्नाला लावायचा. मित्रांनो, तो तसा लागत नाही. तो दोन सार्वभौम राष्ट्रांमधला कायदा आहे. आपला प्रश्न एका देशातल्या राज्यांच्या हद्दीचा आहे, तो घटनेच्या कलम ३ च्या चौकटीत येतो आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. शिवाय नीट बघितलं तर ह्यूबरचं तत्त्व दुधारी आहे. ज्याच्या हातात कारभार, त्याचं पारडं जड. सीमेवरच्या माणसानं हे तत्त्व टाळ्या वाजवत स्वीकारावं असं त्यात काही नाही.

घेण्यासारखं आहे ते वेगळं. पहिली गोष्ट, ज्याची नोंद नाही ते मोजलं जात नाही. सिपादानच्या मासेमाराला हे फार उशिरा कळलं, आणि त्याला कळून उपयोगही नव्हता. आपल्याला आज कळतंय. घरातली पत्र्याची ट्रंक उघडा. आज्ज्याचा शाळा सोडल्याचा दाखला, जुने उतारे, लग्नपत्रिका, तालमीच्या नाहीतर भजनी मंडळाच्या हिशेबाची वही. कशाची भाषा कुठली, साल कुठलं, शिक्का कुणाचा, हे लिहून ठेवा. फोटो काढा आणि दोन ठिकाणी ठेवा. हे कुणाविरुद्ध नाही. शेजारच्या घरातल्या कन्नड कागदांचेही फोटो काढून द्या. तीही त्याच गावाची वहिवाट आहे.

दुसरी गोष्ट, बेट असो वा गाव, हद्दीवर कुणी मोठ्यानं बोलायला लागलं की त्याला एवढंच विचारायचं, तिथं राहणाऱ्या माणसाला विचारलंत का? मग बोलणारा पलीकडचा असो किंवा आपल्यातला.

गावच्या पंचांची वहिवाट ठरवायची रीत मला अजूनही आवडते. त्यांचा निकाल दर वेळी बरोबरच असतो असं नाही. पण ते कसणाऱ्याला समोर बसवतात, पाणी देतात आणि म्हणतात, "हं, सांग आता तुझं."